भीमेचं पाणी, कुंडलिकेची धार

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि नदीत पाणी नव्हतं. होतं ते डबक्यांपुरतं, काळ्या खडकांच्या मधे साचलेलं, त्यात बोटाएवढे मासे. कोकणात कोलाडजवळ, रवाळज्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिका नदीच्या काठावर, दोन फुगवलेल्या कयाक, म्हणजे वल्हवायच्या निमुळत्या होड्या, ठेवून आम्ही बसलो होतो. भाचा वल्ह्यांचे जोड तपासत होता.

"मामा, पाणी येईल. वीजघर सुरू झालं की येतंच."

मी हो म्हटलं. कोरडी नदी बघत बसायची आम्हाला सवय आहे. उन्हाळ्यात उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात, तेव्हा ते मंगळवेढ्याच्या अलीकडं, आमच्या गावाशी पोचायला दिवस लागतात. पाण्याचं तोंड येतं तेव्हा त्यावर फेस असतो, काड्या, कुणाची तरी चप्पल, आजूबाजूला बगळे. पोरं त्याच्या पुढं पुढं पळतात. ते पाणी चालत येतं. कुंडलिकेचं पाणी चालत आलं नाही.

मी खुणेला एक दगड धरला होता, बसलेल्या शेळीएवढा. त्याच्या पाठीवर पाखरांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ होते. आधी लांबून घरघर ऐकू आली, ट्रक घाट चढताना येते तशी, पण सलग. मग डबक्यातले मासे एकदम हलले. दगडांच्या फटीतून बारीक धारा सरकत आल्या, डबक्याला डबकं जोडलं गेलं, आणि बघता बघता ते पांढरे ओघळ धुऊन निघाले. अर्ध्या तासानं शेळी दिसेनाशी झाली. तिच्या जागी पाण्यावर नुसता एक फुगवटा उरला.

"हा फुगवटा लक्षात ठेवा," भाचा म्हणाला. "नदीत असताना दगड दिसत नाही, फुगवटा दिसतो."

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. वय अठ्ठेचाळीस. या वयात वल्हं हातात घ्यायचं खूळ कुठून आलं, असं घरी सगळ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मी कुणालाच नीट दिलं नव्हतं. इथं देतो.

सातवीत असताना माझा एक मित्र गावच्या बंधाऱ्यात गेला. आमच्याकडचा बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळा संपला की खांबांच्या मधे बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बर्गे काढायचे. तेव्हा श्रावण होता, भीमेला पूर होता आणि पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावरून पलीकडं पडत होतं. तो आमच्या सगळ्यांत पट्टीचा पोहणारा. आम्ही पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकत होतो तेव्हा तो भरली नदी आडवी तोडून जायचा. त्यानं वरून उडी टाकली. आम्हाला तो वर आलेला दिसला, बंधाऱ्यापासून दहा हातांवर. हसत होता. मग तो मागं ओढला गेला. पुन्हा वर आला, पुन्हा मागं गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा हसत नव्हता. नदी खाली वाहत असताना माणूस उलटा, वर का जातो, हे काठावर उभ्या आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो खालच्या गावाच्या शिवारात सापडला.

गावानं सांगितलं, तिथं आसरा, पाण्यातल्या देवता, आहेत, त्यांनी नेला. त्याची आई पुढं कितीतरी वर्षं त्या जागी खण-नारळ सोडत असे. मला तिच्याकडं बघवत नसे. आसरांवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो मागं कसा गेला हे मला समजून घ्यायचं होतं, आणि ते सांगणारं कुणी भेटलं नाही. पुण्यात नोकरीला असलेला भाचा कयाक चालवायला शिकला आणि दिवाळीत घरी येऊन पाण्याच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "मला शिकव."

त्यानं आधी मला गावीच पाण्यात उतरवलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं उभं असतं. तिथं लागोपाठ तीन रविवार. पहिला रविवार बसण्यात आणि वल्हं धरण्यात गेला. हे वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं. माझी खोड अशी की सगळी ओढ दंडांनी काढायची. मागावर उभं राहून हातांना तीच सवय. भाचा म्हणाला, हात सरळ ठेवा, कंबर वळवा, पाठ काम करेल. तासाभरानं ते जमायला लागलं आणि कयाक रेष ओढल्यासारखी सरळ जायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी त्यानं मुद्दाम कयाक पालथी करायला लावली. पाण्यात पडायचं, कयाक उलटवायची, पोटावर आडवं पडून पाय मारत पुन्हा आत चढायचं. वीस वेळा. वीस म्हणजे वीस, त्यानं मोजले.

गावातला म्हातारा नावाडी, आमचे तात्या, काठावर बसून हे बघायचे. पूल नव्हता तेव्हा त्यांनी दोन्ही काठांची माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं होडीतून नेली आहेत. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू पान्याकडं बगतोयस पर वरवर बगतोयस," ते म्हणाले. "वर दिसतंय ते पान्याचं कातडं. आतलं पानी निराळं असतंय. कातड्याला सुरकुती पडली की समजायचं, आत काय तरी हाय."

भाच्यानं हे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. त्याला वर्गात महागडी फी भरून जे शिकवलं होतं ते हेच, असं तो म्हणाला.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बाहेरगावचा बेत ठरवताना आधी पाण्याचा दिवस बघायचा, मग बाकीचं. बायको म्हणाली, "मंगळवारी पहाटे पाणी आहे. सोमवारी रात्री घरात पाहिजे तुम्ही. वरच्या टाकीची मोटर मला एकटीला चालू होत नाही." म्हणून शनिवारी निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भाच्याची गाडी.

पुण्याच्या पुढं ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी धरणाचं पाणी सोबतीला येतं. एका वळणावर मी गाडी थांबवायला सांगितली. जानेवारीतलं निळंशार पाणी, पलीकडं डोंगर. भाचा फोटो काढायला उतरला. त्याला मी विचारलं, हे पाणी कुठल्या नदीचं?

"मुळेचं."

"मुळा कुठं जाते?"

तो पुण्यात राहतो, पण त्यानं हा विचार कधी केला नव्हता. मुळा पुण्यात जाऊन मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढं भीमेला मिळते. भीमा उजनीत येते, उजनीतून पंढरपूर, तिथं ती चंद्रभागा, मग आमचं गाव, आणि पुढं कर्नाटकात शिरून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला. म्हणजे समोरचं पाणी उताराच्या न्यायानं आमच्या दाराशी यायचं. पण धरणाच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे, आणि कड्याखाली सुमारे पाचशे मीटरवर भिरा. धरणातलं पाणी बोगद्यातून कड्याशी नेऊन नळांतून भिऱ्याला सोडतात आणि त्या पडण्यावर वीज तयार होते. 1927 पासून हे चालू आहे. भिऱ्याहून पुढं रवाळज्याचं वीजघर, आणि तिथून ते पाणी कुंडलिकेत. कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. एका धरणानं पाण्याचा समुद्र बदलला.

हे धरण होताना मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढं होते, तुरुंगात गेले. जमिनी तरी गेल्याच. तळाशी बुडालेली शेतं त्या माणसांची होती, माझा त्यांच्या दुःखावर हक्क नाही. पण घरी रांगेनं मांडलेली पिंपं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि समोर एवढं पाणी होतं. मी भाच्याला एवढंच म्हटलं, "उद्या आपण भीमेच्या पाण्यावर बसणार आहोत." पावसाळ्यात धरण भरलं की जादाचं पाणी मुळेत सोडतात आणि ते उजनीला पोचतं, हेही त्याला सांगितलं, कारण ते खरं आहे.

त्या रात्री कोलाडजवळ मुक्काम. जेवण झाल्यावर भाचा नद्यांबद्दल बोलत बसला. त्याच्या मनात एक नदी आहे, वालुकाश्माच्या घळीतून जाणारी. तसल्या नद्यांचं गणित वेगळं, तो सांगत होता. वालुकाश्माचे थर आडवे रचलेले असतात, एखादा थर ठिसूळ निघाला की पाणी तो खात आत शिरतं. बाहेरून कडा सरळ दिसतो, पण पाण्याच्या पातळीला त्याच्या पोटात पोकळी असते आणि धार त्या पोकळीत जाते. धारेबरोबर गेलेला माणूस कड्याखाली दाबला जातो. म्हणून घळीच्या वळणावर बाहेरच्या कड्याला चिकटायचं नाही, आतल्या बाजूनं वळायचं. वरून सुटलेले ठोकळे चौकोनी असतात, ते नदीत एकमेकांवर पडले की चाळणी होते. पाणी चाळणीतून जातं, माणूस अडकतो.

मला बदामी आठवली. आमच्याकडून सहलीला सगळे बदामीला जातात. अगस्त्य तळ्याच्या कडेचे ते लाल कडे, पायथ्याशी पोखरलेले. पट्टदकलला मलप्रभा उत्तरेला वळते, त्या वळणाशी त्याच दगडाची देवळं. तिथं उभा राहून मी देवळं बघितली होती, नदी बघितली नव्हती.

आपल्याकडचा दगड काळा, बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कठीण आहे, पण पाणी त्यालाही सोडत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघितले असतील तर कळेल. खडकातल्या लहानशा खळग्यात एखादा गोटा अडकतो, पाणी त्याला गरगर फिरवतं, आणि गोटा खडकाला घासत घासत रांजणाएवढं भोक पाडतो. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. तेही आमचंच खोरं. भाचा म्हणाला, उद्या नदीत असे खळगे पायाखाली असतील, म्हणून वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय अडकला आणि पाण्यानं पुढं ढकललं, तर कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. बाहेर पडलात तर पाठीवर पडा, पाय खालच्या दिशेला आणि वर, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. हे त्यानं मला गादीवर झोपवून करून दाखवलं.

नदी चढल्यावर आम्ही उतरलो. आमच्याबरोबर तिथलाच एक तरुण गाइड होता, तो वेगळ्या कयाकमध्ये पुढं. मला "काका" म्हणे. पाणी किती अवघड, त्याची प्रत एक ते सहा अशी मोजतात. कुंडलिका दोन-तीनची. दोन म्हणजे वाट सरळ दिसते. तीन म्हणजे लाटा वेड्यावाकड्या येतात आणि वाट शोधून कयाक वळवावी लागते. अंतर साधारण बारा किलोमीटर.

खरं मोठं पाणी सुरुवातीलाच लागतं. अंग गरमही झालेलं नसतं. वळणापलीकडून आवाज येत होता आणि समोर नदी संपल्यासारखी दिसत होती, एक आडवी रेघ आणि तिच्यावर उडणारे थेंब. गाइडनं काठाला थांबवून आम्हाला खडकावर चढवलं आणि बोटानं दाखवलं. दोन खडकांच्या मधून जाणारं पाणी बाणाच्या टोकासारखं निमुळतं होतं. टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट, गुळगुळीत, हिरवी जीभ. टोक आपल्याकडं असेल तर त्या टोकाशी खडक आहे. मी जीभ शोधली. तात्यांनी सांगितलेलं कातडं मला पहिल्यांदा दिसलं. कुठं ताणलेलं, कुठं सुरकुतलेलं, एका जागी उकळत्या आधणासारखं वर येणारं.

जिभेवरून खाली जाताना आवाज बंद झाला. म्हणजे आवाज होता, पण मला ऐकू येत नव्हता. पहिली लाट छातीवर आली, दुसरीनं नाकातोंडात पाणी, आणि मग माझे हात आपोआप पुढं पुढं ओढत राहिले. भाच्यानं बजावलं होतं, घाबरून वल्हं वर धरलं की संपलं, पातं पाण्यात असेपर्यंत तुम्हाला तिसरा हात आहे. खाली पोचलो तेव्हा कयाक काठोकाठ भरली होती आणि तळाच्या भोकांतून पाणी आपलं आपण निघून जात होतं. मागून येणाऱ्या राफ्टमधली पोरं ओरडून हात हलवत होती. मीही हलवला.

त्यानंतर तासभर सगळं छान चाललं. खडकामागं थांबायला शिकलो. खडकाच्या पाठीशी पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरत असतं आणि तिथं कयाक गुरासारखी निवांत उभी राहते. दोन पाण्यांच्या मधे एक रेघ असते. ती ओलांडताना कयाक ज्या पाण्यात शिरते आहे, त्या पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला कलायचं. नाही कललं तर पाणी वरची कड धरतं. खंड्या काठावरून बघत होता. भाताची कापलेली शेतं, आंब्याची झाडं, कपडे धुणाऱ्या बाया. त्यांना नदीची वेळ पाठ असते.

मग मी चुकलो. दोन फांट्यांच्या मधे खडक होता आणि मी डावीकडं की उजवीकडं हे ठरवायला उशीर केला. कयाक आडवी होऊन खडकाला टेकली. हे शिकवलं होतं, हजारदा. आडवा लागलास तर खडकाकडं झुक, त्याला मिठी मार. पण खडक अंगावर येतो तेव्हा शरीर त्याच्यापासून लांब जातं, ते कुणाला विचारत नाही. मी वर, पाण्याच्या बाजूला झुकलो. पाण्यानं कड धरली आणि मी खाली होतो.

आत हिरवं होतं, आणि लगेच पांढरं. खडकाच्या खालच्या अंगाला पाणी वरून पडत होतं, मी त्याच पडण्यात होतो. डोकं वर आलं, श्वास घेतला, आणि मला जाणवलं की मी मागं चाललोय. नदी खाली जात होती आणि मी वर, पडणाऱ्या पाण्याकडं. पुन्हा खाली दाबला गेलो. फेसाला हात लावला तर हाताला काहीच लागत नव्हतं, मागावरच्या कापसाच्या धुरळ्यासारखा तो हातातून जात होता. पोहायला पाणी लागतं. त्यात पाणी कमी आणि हवा जास्त होती.

सगळं मिळून चार-पाच सेकंद झाली असतील. मग एका बाजूनं धार आली, तिनं मला काढून बाहेर टाकलं. मी पाठीवर पडलो, पाय वर केले. गाइडची शिट्टी ऐकू आली, "काका, दोरी!" आणि दोरी छातीवर पडली. हाताला न गुंडाळता दोन्ही मुठीत धरायची, खांद्यावर घ्यायची, पाठ दोरीकडं करायची. त्यानं मला झोका दिल्यासारखं काठाला आणलं.

मी दगडावर बसलो. भाचा पळत आला. "मामा, लागलं का?" गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. मी त्याला म्हटलं, "तो मागं कसा गेला ते कळलं."

कोण, ते त्याला सांगावं लागलं. त्याच्या आईनं त्याला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. तो माझ्याशेजारी बसला, ओल्या दगडावर बोटानं रेषा काढून सांगू लागला. पाणी उंचावरून पडतं ते थेट तळाशी जातं आणि तळातूनच पुढं सरकतं. पडण्याच्या पायथ्याशी वर पोकळी राहते, ती भरायला पुढचं वरचं पाणी मागं धावतं. असं एक चाक फिरत राहतं. माणूस वर आला की चाक त्याला मागं नेतं, पडणारं पाणी खाली नेतं. "तुम्ही ज्यात सापडलात ते नदीनं केलेलं चाक होतं. खडक वेडावाकडा असतो, चाकाच्या एका बाजूला वाट असते. तिथून तुम्ही निघालात."

"आणि बंधाऱ्यात?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "बंधारा सरळ असतो, मामा. या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा. चाकाला बाजूच नसते."

म्हणजे तो कितीही पट्टीचा असता तरी. वर येऊन बाहेरच्या दिशेला पोहायचं, ते त्यानं तीनदा केलं. कोणीही तेच केलं असतं. दिसायला ते नदीतल्या मोठ्या खळाळापेक्षा सौम्य दिसतं. लाट नाही, खडक नाही, सारखी पडणारी एक चादर आणि तिच्यापुढं थोडा फेस. भाचा म्हणाला, अनुभवी माणसंसुद्धा बंधारा दिसला की काठाला लागतात, कयाक डोक्यावर घेऊन चालत खाली उतरतात. भीमेवर असे बंधारे किती आहेत, ते मला माहीत आहे. पोरं त्यांच्या माथ्यावरून सूर मारतात, आजही मारतात. गावी गेल्यावर मी शाळेत हे सांगणार आहे, रेषा काढून, अगदी असंच.

त्या दिवशी उरलेलं अंतर मी वल्हवलं, पण ते मला नीट आठवत नाही.

सोमवारी पुन्हा उतरलो. भाचा नको म्हणत होता, गुडघ्यामुळं. मला तो खडक पुन्हा बघायचा होता. शेळीचा दगड बुडेपर्यंत थांबलो, मग निघालो. मोठ्या पाण्यात जीभ शोधली, खाली गेलो. तो दोन फांट्यांचा खडक आला, तेव्हा मी लांबूनच उजवं ठरवलं होतं. त्याच्या शेजारून जाताना डावीकडं वळून बघितलं. पाण्याची चादर, पुढं दोन हात फेस, आणि फेसात कुणाची तरी प्लॅस्टिकची बाटली अडकलेली. ती वर येत होती, मागं जात होती, खाली जात होती, वर येत होती. खडकामागच्या निवांत पाण्यात मी थांबलो आणि बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ती एका कडेनं सुटली आणि वाहत माझ्या कयाकपाशी आली. मी ती उचलून पायाशी ठेवली.

उतरण्याच्या ठिकाणी कयाकमधली हवा सोडत होतो तेव्हा नदी उतरायला लागली होती. काठाजवळचे दगड ओल्या पाठीनं एकेक वर येत होते. फोन वाजला.

"निघालात का?"

"आता निघतोय. दहा-साडेदहापर्यंत पोचू."

"पहाटे पाचला पाणी येणार म्हणतात. पिंपं घासून ठेवली आहेत. मोटरचं तेवढं बघा."

"बघतो," मी म्हटलं आणि दुसऱ्या कयाकची झडप उघडली.